महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या कामगिरीची नोंद आणि तिचा अर्थ : जॉन वुडन यांच्या सत्तावीस हंगामांचा अभ्यास

प्रस्तावना

महाविद्यालयीन क्रीडा प्रशिक्षकाच्या कार्याचे मूल्यमापन करण्याची रूढ पद्धत साधी आहे. किती सामने जिंकले, किती गमावले आणि किती चषक आणले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर प्रशिक्षकाची योग्यता ठरविली जाते. परंतु ही आकडेवारी प्रशिक्षकाने नेमके काय केले हे सांगते काय, की केवळ त्याच्या कार्याचा शेवटचा परिणाम दाखविते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेचे (यूसीएलए) बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन (१९१०–२०१०) यांच्या कामगिरीच्या नोंदीच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे. महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या इतिहासात ही नोंद असामान्य मानली जाते. तिचा सर्वात उद्बोधक भाग मात्र चषकांच्या वर्षांत नाही, तर त्यापूर्वीच्या चषकरहित वर्षांत आहे.

पूर्वपीठिका

वुडन यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० रोजी इंडियाना राज्यात झाला. पर्ड्यू विद्यापीठातून ते १९३२ मध्ये पदवीधर झाले. तेथे खेळाडू म्हणून त्यांची सलग तीन वर्षे अखिल अमेरिकन संघात निवड झाली होती. पदवीनंतर केंटकीतील डेटन येथील शाळेत व पुढे इंडियानातील साउथ बेंड येथील शाळेत त्यांनी इंग्रजीचे अध्यापन आणि क्रीडा प्रशिक्षण अशी दोन्ही कामे केली. डेटन येथील पहिल्याच हंगामात त्यांच्या संघाने ६ सामने जिंकले व ११ गमावले. पराभवांची संख्या विजयांहून अधिक असलेला त्यांच्या कारकिर्दीतील हा एकमेव हंगाम होय.

दुसऱ्या महायुद्धातील नौदलाच्या सेवेनंतर १९४६ मध्ये ते इंडियाना स्टेट या महाविद्यालयात रुजू झाले. तेथील दोन हंगामांत त्यांच्या संघाने ४४ सामने जिंकले व १५ गमावले. या काळातील एक घटना आकडेवारीच्या मर्यादा स्पष्ट करते. १९४७ मध्ये कॅन्सस सिटी येथील राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रण संघाला मिळाले. परंतु त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. संघात क्लॅरन्स वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. वुडन यांनी निमंत्रण नाकारले. पुढील वर्षी हा निर्बंध उठविण्यात आल्यावर संघ स्पर्धेत उतरला आणि वॉकर त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. अंतिम सामन्यात लुइव्हिलच्या संघाने इंडियाना स्टेटचा पराभव केला. महाविद्यालयीन पातळीवर वुडन यांच्या संघाने गमावलेला हा एकमेव राष्ट्रीय अंतिम सामना आहे. नोंदवहीत १९४७ च्या रकान्यात काहीच नाही आणि १९४८ च्या रकान्यात पराभव आहे. तरीही एका शिक्षकाच्या चरित्रात या दोन वर्षांचे मोल कोणत्याही चषकाहून कमी ठरत नाही.

यूसीएलएमधील आकडेवारी

वुडन १९४८ मध्ये यूसीएलएमध्ये आले आणि १९७५ मध्ये निवृत्त झाले. या २७ हंगामांत त्यांच्या संघाने ६२० सामने जिंकले व १४७ गमावले. इंडियाना स्टेटमधील सामने जमेस धरल्यास एकूण महाविद्यालयीन नोंद ६६४ विजय व १६२ पराभव, म्हणजे सुमारे ८०.४ टक्के यश, अशी होते. यूसीएलएमधील कालखंडाची विभागणी केल्यास पुढील चित्र दिसते.

१९४८–४९ ते १९६२–६३ : १५ हंगाम, २८५ विजय, १२५ पराभव (६९.५ टक्के), राष्ट्रीय अजिंक्यपदे – ०
१९६३–६४ ते १९७४–७५ : १२ हंगाम, ३३५ विजय, २२ पराभव (९३.८ टक्के), राष्ट्रीय अजिंक्यपदे – १०

दुसऱ्या कालखंडातील अजिंक्यपदे १९६४, १९६५, १९६७ ते १९७३ अशी सलग सात वर्षे आणि १९७५ या वर्षांतील आहेत. १९६४, १९६७, १९७२ व १९७३ या चार हंगामांत संघाने ३० पैकी ३० सामने जिंकले. ३० जानेवारी १९७१ पासून सुरू झालेली ८८ सलग विजयांची मालिका १९ जानेवारी १९७४ रोजी नोत्र दाम विद्यापीठाने ७१–७० अशा गुणांनी खंडित केली. त्या सामन्यात अखेरच्या साडेतीन मिनिटांत यूसीएलएकडे ११ गुणांची आघाडी होती. प्रतिस्पर्ध्यांनी शेवटचे १२ गुण सलग नोंदवून ती पुसून टाकली. राष्ट्रीय स्पर्धेतही १९६४ ते १९७४ या काळात यूसीएलएने सलग ३८ सामने जिंकले. ही मालिका नॉर्थ कॅरोलिना स्टेटने उपान्त्य सामन्यात दुसऱ्या जादा डावात ८०–७७ अशी मोडली.

पहिल्या पंधरा हंगामांचा अर्थ

वुडन येण्यापूर्वीच्या हंगामात यूसीएलएने १२ सामने जिंकले होते व १३ गमावले होते. त्यांच्या पहिल्याच हंगामात ही नोंद २२ विजय व ७ पराभव अशी झाली. म्हणजेच संघाची गुणवत्ता तत्काळ वाढली होती. परंतु राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी त्यानंतर आणखी पंधरा वर्षे जावी लागली. १९५९–६० च्या हंगामात तर १४ विजय व १२ पराभव इतकीच मजल गाठता आली. १९६२ मध्ये संघ प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत पोहोचला आणि सिनसिनाटीकडून ७२–७० असा अवघ्या दोन गुणांनी पराभूत झाला.

या काळातील भौतिक परिस्थिती प्रतिकूल होती. सराव एका जुन्या व्यायामशाळेच्या इमारतीत होत असे आणि ती जागा कुस्ती व जिम्नॅस्टिक्सच्या विद्यार्थ्यांबरोबर वाटून घ्यावी लागे. सरावापूर्वी वुडन स्वतः जमीन झाडून घेत. १९५५ मध्ये अग्निसुरक्षेच्या कारणास्तव तेथील प्रेक्षकसंख्येवर बंधन आल्याने सुमारे दहा वर्षे संघाला घरचे सामने शहरातील निरनिराळ्या ठिकाणी खेळावे लागले. पॉली पॅव्हिलियन हे विद्यापीठाचे क्रीडागृह १९६५ मध्ये उघडले. म्हणजे पहिली दोन अजिंक्यपदे संघाने स्वतःचे क्रीडागृह नसतानाच मिळविली. साधने आली म्हणून यश आले, असा निष्कर्ष येथे काढता येत नाही.

मग १९६४ मध्ये काय बदलले? त्या संघातील मुख्य पाच खेळाडूंपैकी एकाचीही उंची सहा फूट पाच इंचांहून अधिक नव्हती. साहाय्यक प्रशिक्षक जेरी नॉर्मन यांच्या आग्रहावरून वुडन यांनी पूर्ण मैदानभर दबाव टाकणारी क्षेत्ररक्षण पद्धती स्वीकारली. प्रतिस्पर्ध्याला चेंडू सावकाश पुढे नेऊ न देता त्याला घाई करावयास लावणे हे तिचे सूत्र होते. उंचीची उणीव वेगाने भरून काढणाऱ्या या संघाने अंतिम सामन्यात ड्यूक विद्यापीठाच्या उंच संघाचा ९८–८३ असा पराभव केला. त्रेपन्न वर्षे वयाच्या, पंधरा वर्षे त्याच पदावर असलेल्या प्रशिक्षकाने आपल्या कनिष्ठ सहकाऱ्याची सूचना मान्य केली, ही बाब येथे लक्षणीय आहे.

बदलते विद्यार्थी, स्थिर पद्धती

यूसीएलएच्या यशाचे श्रेय असामान्य खेळाडूंना द्यावे, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. त्यात तथ्य आहे. सात फूट दोन इंच उंचीचे ल्यू अल्सिंडोर (पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने विख्यात) यांच्या तीन हंगामांत संघाने ८८ सामने जिंकले व केवळ २ गमावले. १९७३ च्या अंतिम सामन्यात मेम्फिस स्टेटविरुद्ध बिल वॉल्टन यांनी टाकलेल्या २२ पैकी २१ चेंडूंचे बास्केट झाले आणि त्यांनी एकट्याने ४४ गुण मिळविले.

परंतु संपूर्ण नोंद पाहिल्यास हा युक्तिवाद अपुरा ठरतो. १९७२ पर्यंत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्याची मुभा नव्हती. त्यामुळे कोणताही खेळाडू प्रशिक्षकाला जास्तीत जास्त तीन हंगाम लाभत असे. दहा अजिंक्यपदे या हिशेबाने निदान चार पिढ्यांची आहेत. १९६४–६५ चा संघ बुटका व वेगवान होता. १९६७ ते १९६९ चा संघ एका उंच मध्यवर्ती खेळाडूभोवती रचलेला होता. १९७० व १९७१ मध्ये असा एकही खेळाडू नव्हता. तेव्हा सिडनी विक्स व कर्टिस रो यांच्यासारख्या आघाडीच्या खेळाडूंवर भर देण्यात आला. वॉल्टन गेल्यानंतर १९७५ मध्ये फारशी अपेक्षा नसलेल्या संघाने केंटकीला ९२–८५ असे नमवून वुडन यांना निरोप दिला. प्रत्येक वेळी खेळाची रचना हाती आलेल्या विद्यार्थ्यांनुसार बदलली. मूलभूत कौशल्यांचा आग्रह मात्र बदलला नाही. नव्या खेळाडूंना पायमोजे सुरकुती न पडू देता कसे घालावेत व बुटाच्या नाड्या कशा बांधाव्यात, हे वुडन पहिल्या दिवशी स्वतः शिकवीत. पायाला फोड आला की सराव बुडतो, हे त्यामागील सरळ कारण होते.

केवळ गुणवान विद्यार्थी पुरेसे नसतात, हे १९६५–६६ च्या हंगामावरूनही दिसते. २७ नोव्हेंबर १९६५ रोजी अल्सिंडोर यांच्या प्रथम वर्षाच्या संघाने लागोपाठ दोन वर्षे विजेत्या ठरलेल्या मुख्य संघाला ७५–६० असे हरविले. त्याच हंगामात मुख्य संघाची नोंद १८ विजय व ८ पराभव अशी राहिली आणि त्याला राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशही मिळाला नाही. तोच प्रशिक्षक व तीच पद्धती असताना दोन अजिंक्यपदांनंतर असे वर्ष येऊ शकते. एका हंगामावरून प्रशिक्षकाची पारख करणे किती धोक्याचे आहे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

सरावाचे निरीक्षण

वुडन यांच्या सरावाचा शास्त्रशुद्ध अभ्यास रोलंड थार्प व रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४–७५ च्या अखेरच्या हंगामात केला व त्याचे निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. पंधरा सराव सत्रांत त्यांनी अध्यापनाच्या २३२६ कृतींची नोंद केली. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या कृती निव्वळ सूचनेच्या होत्या, म्हणजे काय करावे व कसे करावे हे सांगणाऱ्या. स्तुतीचे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होते आणि केवळ रागावण्याचे प्रमाणही जवळपास तेवढेच होते. चूक दाखवून लगेच योग्य कृती पुन्हा सांगण्याचे प्रमाण आठ टक्के होते. योग्य कृती करून दाखविणे, विद्यार्थ्याची चूक तशीच करून दाखविणे आणि पुन्हा योग्य कृती दाखविणे असा त्रिपदी क्रम वुडन काही सेकंदांतच पूर्ण करीत. लांबलचक व्याख्यान किंवा स्फूर्तिदायक भाषण यांना सरावात स्थान नव्हते.

यामागे काटेकोर पूर्वतयारी होती. वुडन आपल्या साहाय्यकांसह दररोज सकाळी त्या दिवसाच्या सरावाचे मिनिटागणिक नियोजन करीत. नियोजनाला लागणारा वेळ प्रत्यक्ष सरावाहून कमी नसे. नियोजन लहान कार्डांवर लिहिले जाई आणि सरावानंतरच्या टिपणांसह जपून ठेवले जाई. वर्गातील पाठटाचणाचीच ही मैदानावरील आवृत्ती होती.

नोंदीच्या मर्यादा

कोणतीही नोंद तिच्या काळाच्या संदर्भात वाचावी लागते. वुडन यांच्या बहुतेक अजिंक्यपदांच्या काळी राष्ट्रीय स्पर्धेत सामान्यतः २२ ते २५ संघ असत आणि यूसीएलएला अजिंक्यपदासाठी चार सामने जिंकणे पुरेसे होते. १९७५ मध्ये संघसंख्या ३२ झाल्यावर पाच विजय आवश्यक ठरले. १९८५ मध्ये ही संख्या ६४ झाली व सहा विजयांची गरज निर्माण झाली. सलग विजयांचा विक्रमही पुढे मोडला गेला. कनेटिकट विद्यापीठाच्या महिला संघाने २०१० मध्ये ८८ चा आकडा ओलांडला आणि त्यानंतरच्या दुसऱ्या मालिकेत २०१७ पर्यंत सलग १११ सामने जिंकले. त्या संघाचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्या नावावर २०२५ अखेर १२ राष्ट्रीय अजिंक्यपदे आहेत. पुरुषांच्या गटात मात्र वुडन यांच्या दहा अजिंक्यपदांच्या जवळ कोणीही पोहोचलेले नाही. २०२२ मध्ये निवृत्त झालेल्या ड्यूकच्या माइक शशेव्हस्की यांची संख्या पाच आहे.

आणखी एक मर्यादा नैतिक स्वरूपाची आहे. एका धनाढ्य समर्थकाने यूसीएलएच्या खेळाडूंना नियमबाह्य साहाय्य केल्याचे प्रकरण पुढे उजेडात आले आणि १९८१ मध्ये, वुडन यांच्या निवृत्तीनंतर सहा वर्षांनी, विद्यापीठावर कारवाई झाली. वुडन यांच्यावर स्वतः कारवाई झाली नाही; परंतु त्यांच्या काळातील अशा संबंधांकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले होते काय, हा प्रश्न अभ्यासक विचारीत आले आहेत. नोंदीचा आदर करताना हा प्रश्न वगळणे योग्य नाही.

समारोप

वुडन खेळाडूंशी बोलताना जिंकण्याचा उल्लेख टाळीत. आपल्या क्षमतेनुसार सर्वोत्तम होण्यासाठी पूर्ण प्रयत्न केल्याचे समाधान म्हणजे यश, अशी त्यांची व्याख्या होती. या व्याख्येला पुरुषांच्या गटात सर्वाधिक चषक मिळविणाऱ्या प्रशिक्षकाची साक्ष आहे म्हणून ती नजरेत भरते. परंतु ती त्यांनी शाळेत शिकवीत असतानाच, चषकांच्या कितीतरी आधी, तयार केली होती.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही शारीरिक शिक्षण संचालकांच्या कार्याचा आढावा वार्षिक अहवालातील पदके व विजेतेपदे मोजून घेतला जातो. वुडन यांना याच मापाने १९६३ मध्ये मोजले असते तर पंधरा वर्षांत एकही राष्ट्रीय अजिंक्यपद न मिळविलेला प्रशिक्षक, असा शेरा त्यांच्या नावापुढे पडला असता. त्यांच्या संस्थेने त्यांना वेळ दिला. त्यांनी तो वेळ टाचणे लिहिण्यात, चुका तपासण्यात आणि सहकाऱ्यांचे ऐकण्यात खर्च केला. चषकांची यादी संस्थेने ठेवावीच. परंतु तिच्या शेजारी आणखी एक नोंद असावी : सराव किती नियमित झाला, त्याचे नियोजन कसे होते, विद्यार्थी आला तेव्हा त्याला काय येत होते आणि जाताना काय येत होते. विषय क्रीडेचा असो वा व्याकरणाचा, शिक्षकाचे काम या दुसऱ्या नोंदीतच दिसते.