चित्राचे शीर्षक : रझा आणि गायतोंडे

कलाकृतीचे शीर्षक हा तिचाच घटक मानावा, की तिच्याबाहेरील केवळ ओळखचिठ्ठी, हा प्रश्न कलाविचारात वारंवार उपस्थित होतो. त्याचा विचार करताना जातिवाचक नाव आणि शीर्षक यांतील भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. नागपूर जिल्ह्यातील खापा हे कन्हानकाठचे जुने विणकरांचे गाव. विदर्भातील मागांवर विणल्या जाणाऱ्या वस्त्रांपैकी ‘करवतकाठी’ हे नाव काठावरील करवतीच्या दात्यांसारख्या नक्षीवरून पडले. ते त्या जातीच्या सर्व वस्त्रांना लागू पडते. एकेका वस्त्राला निराळे नाव नसते. कृती एकमेव मानली जाऊन कर्त्यापासून दूर, प्रदर्शनात अथवा संग्रहालयात, अपरिचित प्रेक्षकासमोर जाते, तेव्हाच शीर्षकाची गरज उत्पन्न होते.

ही गरज नागपूरशी संबंधित दोन चित्रकारांनी परस्परविरुद्ध रीतींनी हाताळलेली दिसते. सैयद हैदर रझा (१९२२-२०१६) यांचे कलाशिक्षण १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत झाले. १९५० मध्ये ते पॅरिसला गेले. १९५१ च्या ‘ओ द कान्य’ या चित्राचे शीर्षक म्हणजे एका फ्रेंच वस्तीचे नाव. पुढे ‘तपोवन’ (१९७२), ‘सौराष्ट्र’ (१९८३) आणि ‘बिंदू’ अशी शीर्षके येतात. वास्तव्य फ्रान्समध्ये असूनही शीर्षकांची भाषा मायदेशाकडे वळते. ‘माँ’ (१९८१) या चित्रात तर देवनागरीतील एक काव्यपंक्तीच चित्रफलकावर उतरली आहे. शब्द आणि चित्र यांमधील सीमा येथे जवळजवळ पुसली जाते.

वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांचा जन्म नागपूरचा. त्यांच्या प्रारंभीच्या चित्रांत मानवाकृती आढळतात; परंतु पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस त्या मावळल्या. आपल्या चित्रांस ‘अमूर्त’ न म्हणता ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणावे, असा त्यांचा आग्रह होता. शीर्षक प्रेक्षकास एखाद्या वस्तूचा शोध घ्यावयास लावते. जेथे वस्तूच अभिप्रेत नाही तेथे असे शीर्षक दिशाभूल करील. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयातील त्यांच्या १९६२ च्या चित्राचे नाव केवळ ‘पेंटिंग, ४’ असे आहे. त्यांची बहुतेक उत्तरकालीन चित्रे तर ‘अशीर्षक’ म्हणूनच नोंदली जातात. तथापि सूचीकारास ओळख ही लागतेच. परिणामी वर्ष, आकार आणि रंग यांवरून चित्रे वेगळी करावी लागतात.

यावरून एक पद्धतिविषयक दंडक निष्पन्न होतो. शीर्षकाचा आधार घेऊन चित्राचा अर्थ लावण्यापूर्वी ते कोणी व केव्हा दिले, हे तपासले पाहिजे. रेम्ब्रांटच्या १६४२ मधील चित्रास ‘रात्रीचा पहारा’ हे नाव त्याच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने मिळाले. वस्तुतः त्यातील दृश्य दिवसाचे आहे. काळवंडलेल्या रोगणामुळे ते रात्रीचे भासू लागले होते. रझांचे शीर्षक हा चित्रकाराच्या हेतूचा पुरावा ठरू शकतो, रेम्ब्रांटच्या चित्राचे नाव उत्तरकालीन प्रेक्षकांच्या दृष्टीचा. गायतोंडे यांच्या बाबतीत शीर्षकाचा अभाव हाच पुरावा होय, आणि ‘अशीर्षक’ या सूचीतील शब्दास शीर्षक समजणे म्हणजे त्यांनी जे टाळले तेच त्यांच्यावर लादणे होय.