मूळ आणि मोहर – लेखांक ९ : आडनावातलं गाव

गोव्याकडच्या जुन्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावं ओळीनं म्हणून पाहा. अंजनीबाई मालपेकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर, खाप्रूमामा पर्वतकर. मालपे, केरी, कुर्डी, मंगेशी, पर्वत. आडनावं वाचता वाचता निम्म्या गोव्याची फेरी होते. गावाचं नाव लावायची रीत आपल्याकडे सगळीकडेच आहे, त्यात नवल काही नाही. पण देवळाच्या सेवेत गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतांच्या घरात ही रीत वेगळ्या कारणानं आली. तिथं घर आईच्या नावानं चाले. बाप कोण हे गावाला ठाऊक असे, पण त्याचं आडनाव लावायची सोय मुलांना नसे. दीनानाथांचे वडील मंगेशीच्या देवळातले पुजारी, अभिषेकी घराण्यातले. आई येसूबाई कलावंत. मुलानं आडनाव घेतलं ते गावाचं आणि देवाचं. पुढं ते साऱ्या देशाच्या तोंडी झालं.

मागच्या लेखांकात आपण वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या घराच्या भिंतीपाशी थांबलो होतो. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच होता : ‘शेवटी ते रक्तातच असावं लागतं.’ गोव्याच्या गाण्याबद्दल तर हे वाक्य हमखास ऐकू येतं. तिथल्या मातीतच सूर आहे, पाण्यातच लय आहे वगैरे. ऐकायला छान वाटतं, आणि त्यामुळं कुणाला काही विचारावं लागत नाही. मला विचारायचंय ते असं, की पहाटे तंबोऱ्यापाशी कुणाच्या मुलीला बसवत होते? आणि उस्ताद शिकवायला कुणाच्या घरात जाऊ शकत होता?

मोगूबाईंपासूनच सुरुवात करू. जन्म १९०४, कुर्डी, सांगे तालुका. आई जयश्रीबाई स्वतः गाणाऱ्या. पण देवळाच्या सेवेतलं गाणं आणि मैफिलीतलं गाणं यांतलं अंतर त्यांना माहीत होतं, आणि मुलीनं ते ओलांडावं अशी त्यांची इच्छा होती. मुलगी दहाएक वर्षांची असताना त्यांनी तिला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत घातलं. नाटक मंडळीला देवाचं नाव आहे, ते उगीच नव्हे. चंद्रेश्वर भूतनाथ हे पारोड्याच्या डोंगरावरचं दैवत. देऊळ आणि रंगभूमी यांच्यामध्ये त्या काळात भिंत नव्हती, फार तर पडदा होता. १९१४ साली आई गेली. लेकीचं गाणं पुरं झालेलं पाहिल्याशिवाय आपला जीव शांत होणार नाही, असं त्या जाताना म्हणाल्याचं सांगतात. आख्यायिका म्हणून सोडून देता आलं असतं, पण मोगूबाईंचं पुढचं आयुष्य बघितलं की ही गोष्ट घरात किती वेळा सांगितली गेली असेल याचा अंदाज येतो.

मग दुसरी नाटक मंडळी, सातारकर स्त्री संगीत मंडळी. सगळ्या भूमिका बायकाच करायच्या. मोगूबाई तिथं ‘सौभद्रा’तली सुभद्रा झाल्या. नाट्यपदं शिकल्या, कथक शिकल्या. मंडळीशी बिनसल्यावर प्रकृतीच्या कारणानं सांगलीला येऊन राहिल्या आणि एकट्याच रियाज करत राहिल्या. त्याच सुमाराला उस्ताद अल्लादिया खाँ औषधोपचारासाठी सांगलीत होते. रोज त्याच रस्त्यानं जायचे, घरातून येणारा आवाज ऐकायचे. एक दिवस ते सरळ आत आले आणि ‘मी शिकवतो’ म्हणाले. समोरचा म्हातारा कोण हे त्या मुलीला म्हणे आधी कळलंच नव्हतं.

या प्रसंगाला लोक योगायोग म्हणतात. मला त्यात योगायोग अर्धाच दिसतो. १९२० च्या आसपास सांगलीत गळा असलेली ती एकटीच मुलगी होती असं थोडंच आहे? पण ज्या घरांना ‘घरंदाज’ म्हणत, तिथली मुलगी खिडकी उघडी टाकून तास तास गात बसली नसती. आणि बसली असती तरी अनोळखी उस्ताद उंबरा ओलांडून आत आला नसता. ज्या व्यवस्थेनं कलावंताच्या मुलीला लग्नाच्या मांडवात जागा नाकारली, तिनंच तिला तंबोरा दिला. दोन्ही गोष्टी एकाच हातानं झाल्या. गोव्याच्या गाण्याचं कौतुक करताना आपण पहिली विसरतो. राजाराम पैंगीणकरांनी आत्मचरित्राला ‘मी कोण?’ असं नाव दिलं, ते याच समाजात जन्म घेतल्यामुळं. ते पुस्तक संगीतावरच्या पुस्तकांच्या शेजारी ठेवून वाचावं.

आता गंमत बघा. खाँसाहेब गोव्याचे नव्हेत. जन्म १८५५, घराणं अलीगढजवळच्या अत्रौलीचं, पूर्वजांची चाकरी राजस्थानातल्या दरबारांत, आणि मधली बरीच वर्षं कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी. त्यांच्या गायकीत गोव्याचा एक कणही नाही. ज्या गाण्यामुळं गोव्याचं नाव झालं, ते गोव्यात पिकलेलंच नाही. मग गोव्यानं दिलं काय?

माझ्या मते कान दिला, आणि त्यातही लयीचा. जयपूर-अत्रौली गायकी बाहेरून ऐकताना गुळगुळीत वाटते. शिकायला बसलं की घाम फुटतो. सगळा भर आकारावर, सरगमचा आधार जवळजवळ नाही. आलाप मोकळा सोडून द्यायचा आणि ठेका मागं आपला वाजत राहील, असं इथं चालत नाही. सुराच्या प्रत्येक वळणाला मात्रेचा टेकू असतो. पेच एकात एक अडकवलेले, विसावायला जागा नाही. दम कुठं चोरायचा हेसुद्धा गुरूकडून शिकावं लागतं. समेवर यायचं, पण समोरच्या दारानं नव्हे, बाजूच्या बोळातून, आणि तरीही वेळेवर. शिवाय राग अनवट : संपूर्ण मालकंस, बसंती केदार, सावनी नट, खट, खोकर. जोडरागात एक पाय या रागात, दुसरा त्या, आणि शिवण दिसता कामा नये.

ज्या मुलीनं चालायला लागल्यापासून देवळाच्या चौकात घुमट-शामेळ ऐकलंय, पालखीच्या पावलांवर आरत्या ऐकल्यात, तिला मात्रा मोजायला शिकवावं लागत नाही. तिच्या अंगात मोजणी चालूच असते. याच मुलखातले खाप्रूमामा पर्वतकर हाताला एक ताल, पायाला दुसरा आणि तोंडानं तिसरा धरून बसत. लोक त्यांच्याकडे चमत्कार म्हणून बघत. देवळाच्या आवारात लयीचा जो खेळ पोरं रोज खेळायची, तोच मामांनी टोकाला नेला, असं मला वाटतं. हे रक्त नव्हे. ही ऐकण्याची सवय आहे, आणि ती अमुक एका आवारात राहणाऱ्यांनाच मिळत होती.

केसरबाई केरकरांची गोष्ट याच मुळाची, पण फांदी भलतीकडे गेली. जन्म १८९२, फोंड्याजवळचं केरी. आठव्या वर्षी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे थोडी तालीम, मग गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे, मुंबईत बर्कतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले. तुकड्या-तुकड्यांनी मिळालेली विद्या. अखेर १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेब. नंतर बाईंचा असा दरारा झाला की बिदागी त्या सांगतील ती आणि बैठक त्या म्हणतील तशी. शिष्या म्हणून अखेरपर्यंत जवळ केली ती एकट्या धोंडुताई कुलकर्णींना. पोटच्या लेकीला गाण्यात आणलंच नाही. ती डॉक्टर झाली. ‘रक्तात असतं’ म्हणणाऱ्यांनी इथं जरा थांबावं. जिच्या हातात सगळं होतं, तिनं ते रक्त पुढं वाहू दिलं नाही. का, हे त्यांनी लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही, पण कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अवकाशात गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बाई वारल्या. ‘केरकर’ आडनावाचा तो आवाज आता आंतरतारकीय अवकाशात आहे. फोंडा तालुक्यातलं केरी इतक्या लांब जाईल, असं तिथल्या देवालाही वाटलं नसेल.

मोगूबाईंनी मात्र लेकीला गाण्यात आणलं. किशोरीताई आमोणकर सांगत, की आई स्थायी आणि अंतरा दोनदाच म्हणायची, तिसऱ्यांदा नाही. बसायचं, ऐकायचं. पहिल्या वेळी बंदिशीचा आकार धरायचा, दुसऱ्या वेळी जागा टिपायच्या, आणि मग आपण गायचं. चुकलं तर आईचा चेहरा. त्या चेहऱ्याचं वर्णन त्यांच्या शिष्यांकडून ऐकण्यासारखं आहे. हीच कुर्डीची शाळा, फक्त चौकाऐवजी मुंबईतली खोली. वडील किशोरीताईंच्या लहानपणीच गेले होते. घर चालायचं ते आईच्या मैफिलींवर. मुलगी तंबोरा घेऊन मागं बसायची. तिसऱ्या वर्गाचा रेल्वेप्रवास, हॉटेलऐवजी कुणाच्या तरी घरी मुक्काम, आणि एवढ्या मोठ्या गायिकेला आयोजकांकडून मिळणारी वागणूक, हे सगळं तिनं तंबोऱ्याआडून पाहिलं.

पुढं किशोरीताईंबद्दल वर्तमानपत्रांनी काय काय लिहिलं ते जुन्या वाचकांना आठवत असेल. लहरी, तापट. श्रोत्यांत कुजबुज झाली की गाणं थांबवतात. तंबोरे मनासारखे जुळेपर्यंत सभागृह ताटकळतं. मीही एकदा तासभर ताटकळलोय आणि मनात चिडलोय. पण तंबोऱ्यामागं बसलेली ती मुलगी डोळ्यापुढं आणली की वाटतं, त्या आईची थकलेली बिदागी वसूल करत होत्या. पैशाची नव्हे, मानाची.

गाण्यात मात्र त्या आईच्या वाटेनं सरळ गेल्या नाहीत. १९६४ साली ‘गीत गाया पत्थरों ने’ या चित्रपटासाठी गायल्या, तर मोगूबाईंनी बजावलं की सिनेमात गायचं असेल तर माझ्या तंबोऱ्यांना हात लावू नकोस. लेकीनं तेव्हा सिनेमा सोडला. आवाजही एकदा गेला होता. तो काळ मनातल्या मनात गाण्यात काढला. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाजही भर उमेदीत असाच गेला होता आणि त्यातूनच त्यांनी ही पेचदार गायकी बांधली, असं सांगतात. किशोरीताई उलट्या दिशेनं निघाल्या. पेच सैल केले, आलापाला वेळ दिला, रागाचा भाव शोधत बसल्या. त्या आधी अंजनीबाई मालपेकरांकडे शिकल्या होत्या, भेंडीबाजार घराण्याच्या. म्हणजे पुन्हा एक गोव्याचं आडनाव आणि पुन्हा बाहेरची विद्या. ‘हे आमचं घराणं नव्हे’ असं म्हणणारे कट्टर रसिक होतेच. मला त्यांच्या शेवटच्या वर्षांतल्या काही मैफिली पसरट वाटल्या, हेही सांगून टाकतो. पण भूप ऐकताना गंधारावर त्या ज्या तऱ्हेनं थांबत, त्या थांबण्याला मोगूबाईंची मोजणी आतून धरून असायची. मोकळं सोडलेलं दिसायचं, सुटलेलं कधीच नसायचं.

आता कुर्डीकडे. ते गाव आता नाही. १९८० च्या दशकात साळावली धरणाचं पाणी चढलं आणि गाव बुडालं. माणसं वाडें आणि वालकिणीला वसवली. गावचं कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभारलं. दर मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा गाव काही दिवस वर येतं आणि जुने लोक सोमेश्वराच्या देवळाशी जमतात.

दोनेक वर्षांपूर्वी मी गेलो होतो. भेगाळलेला गाळ, त्यात माडांची काळी खुंटं, जांभ्या दगडाची जोती, एखादं तुळशीवृंदावन. चपलेखाली शिंपले कुरकुरत होते. जोत्यांवर लोक डबे सोडून बसले होते. घराला भिंती नव्हत्या, पण जो तो आपापल्याच घरात बसला होता. मोगूबाईंचं घर कुठलं म्हणून विचारलं, तर एका आजोबांनी काठीनं जवळचं जोतं दाखवलं. “हांगाच आशिल्लें तांचें घर.” त्यांच्या शेजारच्या बाईंनी लगेच मान हलवली. “न्हय, न्हंयच्या पलतडी.” दोघांचा बराच वेळ वाद चालला. आजोबांनी आपल्या आजीची साक्ष काढली, बाईंनी आपल्या. मग थर्मासातला चहा आला, तो पेल्यांत ओतला गेला आणि विषय काजूच्या भावावर गेला. मी दोन्ही जोत्यांचे फोटो काढून ठेवले आहेत.

(पुढच्या आठवड्यात : मंगेशीच्याच देवळातलं दुसरं घर, पुजाऱ्याचं. तिथलं कीर्तन आणि जितेंद्र अभिषेकी.)