शाळेच्या दारापासून आयोगाच्या दारापर्यंत

ऑक्टोबर २०२२मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं बकऱ्या घेऊन नाशिक जिल्हा परिषदेवर धडकली. भाम धरणामुळे विस्थापित झालेल्या त्यांच्या वस्तीतली शाळा बंद झाली होती. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ ही त्यांची घोषणा. शाळा गेली तर हातात काय उरणार, हे त्यांनी अधिकाऱ्यांच्या दारातच दाखवलं. पालक आणि कष्टकऱ्यांची संघटना पाठीशी उभी राहिली आणि शाळा पुन्हा भरू लागली.

अशा मागणीला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. सरकारी पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो आणि रयतेची मुलं प्राथमिक शिक्षणालाही मुकतात, असं जोतीराव फुले यांनी १८८२मध्ये हंटर आयोगापुढे मांडलं. १९१७मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. देशाच्या संविधानात मात्र हा मूलभूत हक्क यायला २००२ची ८६वी घटनादुरुस्ती व्हावी लागली. शिक्षणहक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१०पासून.

कायदा झाला, तरी पळवाटा नियमांतून निघतात. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, ही या कायद्यातली मोठी तरतूद. ९ फेब्रुवारी २०२४च्या अधिसूचनेने राज्य सरकारने ती पोखरली. एक किलोमीटरच्या परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जबाबदारीतून सूट मिळणार होती. शहरांत अशी शाळा बहुतेक ठिकाणी जवळ असतेच. म्हणजे तिथे तरतूद कागदावरच उरली असती.

पालक आणि सामाजिक संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे रोजी स्थगिती मिळाली, १९ जुलैला नियमातला बदल रद्द झाला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. स्थगितीनंतर प्रवेशप्रक्रिया नव्याने राबवली गेली, तेव्हा दोन लाखांहून अधिक अर्ज आले. गरज किती खरी होती, याचा हा पुरावा.

विद्यापीठांतली लढाई वेगळ्या वाटेने गेली. ऑक्टोबर २०१५मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘नेट’ उत्तीर्ण नसलेल्या संशोधकांची शिष्यवृत्ती बंद करायचं ठरवलं. रक्कम होती एम.फिल.साठी महिना ५ हजार आणि पीएच.डी.साठी ८ हजार रुपये. घरून पैसे येत नाहीत अशा संशोधकाची खोली, जेवण आणि झेरॉक्स याच पैशांवर चालतं. विद्यार्थ्यांनी दिल्लीत आयोगाच्या कार्यालयाबाहेर मुक्काम ठोकला, पोलिसांच्या लाठ्या सोसल्या. शिष्यवृत्ती चालू राहील, असं केंद्राला जाहीर करावं लागलं.

तिन्ही लढ्यांत ज्यांचं नुकसान होणार होतं तेच पुढे आले, आणि नियम वाचू शकणारी, याचिका लिहू शकणारी, रस्त्यावर उभी राहू शकणारी माणसं त्यांच्या जोडीला आली. एकट्या पालकाचा अर्ज टेबलावरच पडून राहतो. शंभर पालकांची मागणी फाईल हलवते. म्हणूनच पालक, शिक्षक आणि प्राध्यापक यांच्या संघटनांनी आपापल्या प्रश्नांच्या कुंपणाबाहेर येऊन एकमेकांच्या मागण्या उचलायला हव्यात.

त्यांच्यापुढे काम ठरलेलं आहे. २५ टक्क्यांतून आलेल्या मुलाचं मोफत शिक्षण आठवीत संपतं. नववीला तीच शाळा पूर्ण फी मागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तीन ते अठरा वर्षांच्या शिक्षणाची भाषा करतं, कायदा मात्र चौदाव्या वर्षीच थांबतो. शिक्षणहक्क बारावीपर्यंत वाढवा, ही मागणी आता प्रत्येक आमदार-खासदाराच्या दारापर्यंत न्यायला हवी.