उकाड्याची रात्र आणि उशाशी मोबाइल

एप्रिल उजाडला की घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सल्ल्यांचा पूर येतो. खिशात कांदा ठेवा. उन्हातून आल्यावर गार पाणी पिऊ नका, नस फुटते. आज रात्री पृथ्वीजवळून विश्वकिरण जाणार आहेत, मोबाइल उशाशी ठेवू नका. कांद्याने ऊन लागायचं थांबत नाही, गार पाण्याने नस फुटत नाही आणि विश्वकिरणांचा तो मेसेज तर वर्षानुवर्षं फिरतो आहे. मोबाइल उशाशी नको हे मात्र खरं, पण त्याचं कारण वेगळं.

गैरसमज : पारा चाळिशीच्या आत आहे, मग कसली भीती?

हा समज जिवावर बेतू शकतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळा झाला. भर दुपारी उघड्यावर बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. पारा तेव्हा चाळिशीच्या आतच होता. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही. म्हणूनच हवामान विभाग मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतो, तर किनारपट्टीवर ३७ पासून.

गैरसमज : आम्हाला उकाड्याची सवय आहे.

अर्धं खरं आहे. रोज उन्हात राबणाऱ्याचं शरीर एक-दोन आठवड्यांत सरावतं, घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. झोपेचं तसं नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६८ देशांतल्या ४७ हजारांहून अधिक लोकांची झोप मनगटी पट्ट्यांनी मोजली गेली. रात्रीचं तापमान ३० अंशांवर गेलं की झोप सरासरी १४ मिनिटांनी घटत होती. लोकांना झोप उशिरा लागत होती आणि जागही लवकर येत होती. म्हाताऱ्या माणसांची, बायकांची आणि गरीब देशांतल्या लोकांची झोप जास्त मोडत होती. मुळात उष्ण प्रदेशात राहणारे सरावलेले असतील असं वाटावं, तर त्यांची झोप प्रत्येक वाढत्या अंशामागे उलट जास्तच कमी होत होती. शिवाय मनगटी पट्टा परवडणारे लोक बहुधा पंखा-एसीवालेच. पत्र्याच्या खोलीत चार जण झोपतात त्यांचा हिशेब यात आलेला नाही.

असं का होतं? झोप लागण्याआधी शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, साधारण एक अंशाने. तळहात-तळपायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता बाहेर पडते. रात्री अकराला भिंतीला हात लावून पाहा. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब तेव्हाही ऊब सोडत असतो. मग अंगातली उष्णता जाणार कुठे? माणूस कूस बदलत राहतो आणि शेवटी हात जातो मोबाइलकडे.

गैरसमज : सगळा दोष निळ्या प्रकाशाचा, नाइट मोड लावला की झालं.

निळ्या प्रकाशाने झोपेचं संप्रेरक, म्हणजे मेलाटोनिन, कमी होतं हे खरं. पण किती? २०१५ च्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी चार तास झगझगीत पडद्यावर वाचणाऱ्यांना, छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली. परिणाम आहे, पण लोक समजतात तेवढा मोठा नाही. पडदा पिवळसर करण्याच्या सोयीचा झोपेला फायदा होतो का, हे अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २०२१ मध्ये तपासलं, तर फरक आढळला नाही. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांचीही तीच गत. डोळ्यांचा थकवा त्यांनी कमी होतो असा ठोस पुरावा नाही. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात म्हणून. माझ्या मते खरा चोर प्रकाशापेक्षा मजकूर आहे. संपतच नाहीत अशी रील्स, वाद, वाईट बातम्या. उकाड्याने उडवलेली झोप परत येऊ पाहते, तेव्हा मोबाइल तिला दारातूनच परत पाठवतो.

गैरसमज : हवामानाची चिंता हे शहरी लोकांचे लाड.

२०२१ मध्ये भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयोगटातल्या १० हजार मुलामुलींना हवामान बदलाच्या चिंतेबद्दल विचारलं गेलं. ४५ टक्के म्हणाले, या चिंतेचा आमच्या रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. आणि पेरणी करून दिवसातून दहा वेळा मोबाइलवर पावसाचा अंदाज बघणाऱ्या शेतकऱ्याची चिंता लाड कशी म्हणायची? चिंता हा आजार नव्हे. पण आठवडेच्या आठवडे झोप, भूक आणि कामावरचं लक्ष उडालं असेल, तर मदत घ्यावी. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

एक गोष्ट मेसेजमध्ये कधीच येत नाही. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं, तर ते औषध रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही अंगातलं पाणी कमी करतात. घरात कुणाला अशी औषधं चालू असतील, तर उन्हाळा लागण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या आणि स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका.