गर्भनिरोधक इंजेक्शनानंतरचा विलंब आणि वंध्यत्वाचे निदान

गर्भनिरोधकांमुळे वंध्यत्व येते, ही समजूत चिकित्सालयात नित्य ऐकू येते. सर्व संप्रेरकयुक्त साधनांना एकाच मापाने मोजल्यामुळे ती दृढ झाली असावी, असे आम्हांस वाटते.

माला-एन, माला-डी यांसारख्या संयुक्त गोळ्या बीजोत्सर्ग थोपवितात. मात्र त्यांतील द्रव्ये काही दिवसांतच शरीराबाहेर जातात आणि बहुधा एक ते तीन महिन्यांत बीजोत्सर्ग पूर्ववत होतो. गोळी सोडल्यावर पाळी अनियमित झाल्यास ती गोळीपूर्वी कशी होती, हे अवश्य विचारावे. पीसीओएस असलेल्या स्त्रीची मूळ विकृती गोळीच्या काळात झाकलेली असते. दोष मात्र गोळीच्या माथी येतो.

इंजेक्शनाचे तसे नाही. शासकीय कार्यक्रमात 2017 पासून ‘अंतरा’ या नावाने मिळणारे डीएमपीए दर तीन महिन्यांनी 150 मिलिग्रॅम मात्रेत स्नायूत देतात. तेथे साठलेले औषध हळूहळू शोषले जाते. तीन महिने हा संरक्षणाच्या खात्रीचा काळ होय, परिणाम संपण्याचा नव्हे. शेवटच्या इंजेक्शनापासून गर्भधारणेस साधारणतः नऊ-दहा महिने लागतात, काहींना दीड वर्षही. इंजेक्शने अधिक काळ घेतल्याने हा विलंब वाढत नाही. वर्षभराच्या वापरानंतर सुमारे निम्म्या स्त्रियांची पाळी थांबलेली असते, हेही ध्यानात असावे.

अशी रुग्णा आमच्याकडे येते ती पुष्कळदा सासूबाईंसमवेत, आणि इंजेक्शनाची गोष्ट घरात ठाऊक नसते. मग आर्तवक्षयाचे निदान होऊन आर्तवजनन द्रव्यांची योजना होते. सुश्रुतोक्त ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज या चतुष्टयाचा विचार करता येथे क्षेत्र दुष्ट नसते, बीजाची प्रवृत्ती तेवढी औषधाने रोखलेली असते. शिवाय पाळी येण्यापूर्वीच बीजोत्सर्ग होऊन गर्भ राहू शकतो. मूत्रपरीक्षेने गर्भ नसल्याची खात्री केल्याविना तीक्ष्ण आर्तवजनन द्रव्ये किंवा शोधन योजणे आम्हांस सर्वथा अनुचित वाटते. ज्या अपत्यासाठी ती स्त्री आली, त्याचाच घात व्हावयाचा.

पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीला मात्र नुसते थांबण्यास सांगू नये. पतीच्या शुक्रपरीक्षेसह तपासण्या लवकर कराव्यात. इतरांच्या बाबतीत रुग्णेस एकटीला बोलावून शेवटच्या इंजेक्शनाची तारीख विचारावी. ‘अंतरा’च्या कार्डावर ती सहसा लिहिलेली असते.