लहान मोटारींचे नियंत्रण : सोलापूरच्या मागापासून शाळेच्या टेबलापर्यंत

सोलापूरची चादर महाराष्ट्राच्या घराघरांत ठाऊक आहे. ती ज्या मागावर विणली जाते त्या मागाच्या माथ्यावर काय चालते, हे मात्र सोलापूरबाहेर फार थोड्यांनी पाहिलेले असते. चादरीवर नक्षी उमटविणाऱ्या जॅकार्ड यंत्राची रचना फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास सिद्ध केली. या यंत्रात भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते आणि प्रत्येक पट्टी बारीक सुयांच्या रांगेसमोर येते. जेथे भोक असेल तेथे सुई आरपार जाते, तिला जोडलेला आकडा जागेवर राहतो आणि वर उचलला जातो. जेथे भोक नसेल तेथे पुठ्ठा सुईला मागे सारतो, आकडा बाजूला होतो आणि ताण्याचा तेवढा धागा खालीच राहतो.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, धागे उचलण्याचे बळ पुठ्ठ्यात नसते. ते मागाच्या मोटारीतून येते. कोणता धागा उचलावयाचा आणि कोणता नाही, एवढेच पुठ्ठा सांगतो. सांगणारा निराळा आणि उचलणारा निराळा, अशी ही वाटणी आहे. आज शाळकरी मुले छोट्या मोटारी फिरविण्यासाठी ज्या चालक चिपा वापरतात त्यांचे सारे मर्म याच वाटणीत आहे. सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत ज्या मुलांचे बालपण यंत्रमागाच्या खडखडाटात गेले, त्यांना ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर उमगावी.

छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांची वाट गेल्या काही वर्षांत पुष्कळ सोपी झाली आहे. २००५ साली इटलीतील इव्रेआ या गावी आर्डुइनो नावाचा छोटा फलक तयार झाला आणि संगणकाचे शिक्षण न घेतलेल्यालाही चार ओळींचा कार्यक्रम लिहून दिवा लावता-विझविता येऊ लागला. अडचण दिव्यापाशी येत नाही, ती मोटारीपाशी येते. या फलकावरील सूक्ष्मनियंत्रकाच्या एका पायातून २० मिलिअँपिअर विद्युतधारा निर्धास्तपणे घेता येते. ४० मिलिअँपिअर ही अखेरची मर्यादा होय. खेळण्यातील लहान मोटार मोकळी फिरतानाच शे-दीडशे मिलिअँपिअर मागते आणि चाक अडकले की ही मागणी कित्येक पटींनी वाढते. नवशिका उत्साहाने मोटारीच्या दोन्ही तारा थेट फलकाला जोडतो. मोटार जेमतेम थरथरते, आणि कित्येकदा फलकाचा तो पाय कायमचा निकामी होतो. पुठ्ठ्याकडूनच धागे उचलून घेण्याचा हा प्रयत्न असतो.

म्हणून शिकण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. पहिल्या दिवशी मोटारीला हात न लावणेच बरे. बॅटरी, एलईडी दिवा आणि रोध एवढ्यावर आरंभ करावा. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर तांबडा दिवा साधारण २ व्होल्ट घेतो, उरलेले ३ व्होल्ट रोधावर पडतात. १५ मिलिअँपिअर धारा हवी असेल तर रोध २०० ओहमचा पाहिजे. बाजारात २२० ओहमचा मिळतो, तो चालतो. शाळेच्या पुस्तकातील ओहमचा नियम येथे प्रथमच एखाद्या उपयोगाचा वाटू लागतो. त्यानंतर मल्टिमीटर हाताळावयास शिकवावे. ज्या शाळेत दहा फलक आहेत पण एकही मल्टिमीटर नाही, तेथे मुले नुसती नक्कल करीत राहतात. जोडणी चालली नाही तर का चालली नाही हे शोधण्याचे साधनच त्यांच्या हाती नसते.

पुढची पायरी ट्रान्झिस्टरची. बीसी ५४७ हा तीन पायांचा स्वस्त ट्रान्झिस्टर एका पायात मिलिअँपिअरभर धारा सोडली असता दुसऱ्या वाटेने त्याच्या अनेक पट धारा वाहू देतो. कमकुवत आज्ञेने सबळ प्रवाह सोडण्याचा हा पहिला धडा. मात्र याची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे. दिव्यांना तो पुरतो, मोटारीला पुरत नाही.

येथेच डायोडचे काम समजावून द्यावे. मोटार म्हणजे तारेचे वेटोळे. वेटोळ्यातून वाहणारी धारा एकाएकी तोडली तर ती थांबण्यास नकार देते आणि क्षणभर फार मोठा उलटा दाब निर्माण होतो. शेतकऱ्याला हे शास्त्र ठाऊक नसेल, पण अनुभव आहे : पंपाचा स्टार्टर बंद करताना ठिणगी पडते आणि कालांतराने आतले पॉइंट काळे पडतात. शाळेच्या टेबलावर हीच ठिणगी ट्रान्झिस्टरचा जीव घेते. मोटारीला समांतर आणि पुरवठ्याच्या उलट दिशेने एक डायोड लावला की त्या धारेला वळून जावयास वाट मिळते व आपत्ती टळते.

दिशा बदलण्याचा प्रश्न

तीन फेजचा पंप उलटा फिरू लागला तर वायरमन दोन फेजच्या तारांची अदलाबदल करतो, हे गावात सर्वांना माहीत आहे. बॅटरीवरच्या मोटारीचेही तसेच. दोन तारा उलटसुलट केल्या की ती उलटी फिरते. प्रत्येक वेळी हाताने तारा बदलणे शक्य नसल्यामुळे चार कळांची एक रचना करतात. इंग्रजी एच अक्षर डोळ्यांपुढे आणावे. मधल्या आडव्या रेघेवर मोटार, उभ्या दोन रेघांवर वर-खाली अशा चार कळा. डावीकडची वरची व उजवीकडची खालची कळ लावली की धारा एका दिशेने जाते. उरलेली जोडी लावली की दुसऱ्या दिशेने. एकाच बाजूच्या वरची आणि खालची कळ एकदम लागली, तर मोटारीला वळसा घालून धारा सरळ जमिनीकडे धावते. तारा तापतात आणि बॅटरीचा नाश होतो. चार साध्या कळा व दोन सेल घेऊन मुलांनी ही रचना हाताने करून पाहावी. चिप हाती येण्यापूर्वी हा अर्धा तास खर्च केला नाही, तर पुढचे सारे पाठांतर ठरते.

एल २९३ डी या चिपेत अशा दोन रचना बसविलेल्या असतात. म्हणजे दोन मोटारी दोन्ही दिशांना चालविता येतात. चिपेला १६ पाय असतात. सोळाव्या पायाला चिपेच्या स्वतःच्या कामासाठी ५ व्होल्ट द्यावयाचे, आठव्या पायाला मोटारीचा पुरवठा. हे दोन पुरवठे वेगळे ठेवले आहेत, यातच सांगणारा आणि उचलणारा यांची फारकत दिसते. दुसऱ्या व सातव्या पायावर आज्ञा घ्यावयाची, तिसऱ्या व सहाव्या पायाला मोटार जोडावयाची. पहिला पाय हा परवानगीचा. तेथे दाब नसेल तर आज्ञा काहीही असली तरी मोटार मोकळी राहते. आज्ञेच्या दोन पायांपैकी एकावर दाब व दुसऱ्यावर शून्य असता मोटार एका दिशेने फिरते, उलट केले की उलट. दोन्हींवर सारखेच असेल तर तिला ब्रेक लागतो. मधले चार पाय, म्हणजे ४, ५, १२ व १३, जमिनीचे असून चिपेतील उष्णता बाहेर नेण्याचे कामही तेच करतात. ठिणगी शोषणारे डायोड चिपेच्या पोटातच आहेत. नावाच्या शेवटी डी नसलेल्या एल २९३ या भावंडात ते नसतात, हे खरेदीच्या वेळी पाहून घ्यावे.

या चिपेची मर्यादा प्रत्येक वाटेला ६०० मिलिअँपिअर आहे. अधिक जड मोटारीला एल २९८ एन ही चिप घेतात. ती २ अँपिअरपर्यंत जाते, परंतु तिला डायोड बाहेरून लावावे लागतात. बाजारातील तयार फलकांवर ते लावलेलेच असतात. दोन्ही चिपा जुन्या घडणीच्या असल्याने त्या स्वतःच दोन-अडीच व्होल्ट गिळतात. ६ व्होल्टची बॅटरी लावली तरी मोटारीपर्यंत साडेतीन-चार व्होल्टच पोहोचतात आणि मोटार मंद फिरते म्हणून मुले बॅटरीला दोष देतात. टीबी ६६१२ सारख्या नव्या घडणीच्या चिपांत ही गळती पुष्कळच कमी आहे. नव्याने साहित्य घेणाऱ्या शाळेने तिचाच विचार करावा.

नवशिक्यांच्या दोन चुका इतक्या सर्रास होतात की त्या वेगळ्या सांगणे भाग आहे. पहिली चूक चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीची. ती रेडिओसारख्या अल्पाहारी उपकरणासाठी असते, मोटारीची भूक तिला भागविता येत नाही. दुसरी चूक, मोटारीच्या बॅटरीची ऋण तार फलकाच्या जमिनीला न जोडण्याची. आज्ञा देणारा आणि घेणारा यांची पातळी मोजण्याची खूणच एक नसेल तर आज्ञा पोहोचणार कशी?

वेग कमी-अधिक करणे हा भाग त्या मानाने सोपा आहे. छताच्या पंख्याचा जुना पेटीवजा रेग्युलेटर मंद वेगावर तापत असे, कारण नको असलेली शक्ती तो उष्णतेत घालवीत असे. चालक चिपेत दाब कमी करीत नाहीत. परवानगीचा पाय सेकंदाला काहीशे वेळा चालू-बंद करतात. निम्मा वेळ चालू ठेवला तर मोटारीला सरासरी निम्मा दाब मिळतो. आर्डुइनोच्या बहुतेक पायांवर हा वेग सेकंदाला सुमारे ४९० असतो, आणि मोटारीतून येणारी बारीक शिट्टी ती हीच.

माढा तालुक्यातील उजनी धरण जिल्ह्यातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. त्याच्या दरवाजाची प्रतिकृती हा या साऱ्याचा उत्तम अभ्यास ठरेल. पुठ्ठ्याचा दरवाजा, दोऱ्याची गुंडाळी, दातेरी चाके असलेली लहान मोटार आणि एक चालक चिप एवढे पुरते. पाणी वाढले की दरवाजा वर, ओसरले की खाली, म्हणून दोन्ही दिशा लागतात. दरवाजा पूर्ण उघडल्यावर मोटार थांबली पाहिजे, नाहीतर दोरा तुटेल. त्यासाठी वर व खाली एकेक टोकाची कळ बसवावी. वरची कळ दाबली गेली असेल तर वर जाण्याची आज्ञा नाकारावयाची आणि खाली येण्याची मात्र स्वीकारावयाची, ही अट मुलांनाच शोधू द्यावी. पहिल्या प्रयत्नात बहुतेक मुले दोन्ही आज्ञा नाकारतात आणि दरवाजा वरच अडकून बसतो.

यंत्रमागावरही असाच पहारेकरी असतो. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ धातूची पट्टी लोंबत असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, विद्युत परिपथ पूर्ण होतो आणि माग थांबतो. नव्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डमध्ये पुठ्ठ्याची माळ गेली असून तिच्या जागी लहान विद्युतचुंबक आकडे निवडतात. असा माग बंद पडल्यावर तो दुरुस्त करणारा माणूस शहरातच मिळावा, की प्रत्येक वेळी बाहेरगावाहून बोलवावा, हा सोलापूरच्या धंद्यापुढील व्यवहाराचा प्रश्न आहे. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक निर्देशांक मिळाला, पण त्यामुळे माग दुरुस्त होत नाही.

कुलूपबंद कपाट

साधनांची सोय अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. नीती आयोगाने २०१६ साली अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना सुरू केली. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांतून अशा ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याचे २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालविण्याची कल्पना मांडलेली आहे. मोटार रिवाइंडिंगचे दुकान बहुतेक तालुक्याच्या गावी असते. या दहा दिवसांतला एक दिवस तेथे जावा. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने हाताने काम करीत शिकण्याची ही रीत ग्रामीण शाळांत रुजवून दाखविली आहे. सोलापूर जिल्ह्यापुरते बोलावयाचे, तर परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा एका लहान गावच्या शाळेकडे जगाचे लक्ष गेले.

खरी अडचण पैशाइतकीच नोंदवहीची आहे. आलेले साहित्य जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या भाषेत डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढते. एकदा तेथे चढलेली वस्तू निर्लेखित करावयाची तर पत्रव्यवहार आला, तपासणी आली. शिक्षकाला साहजिकच वाटते की, मुलांच्या हाती देऊन चिप जळण्यापेक्षा कपाटाला कुलूप घातलेले बरे. शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळणारी चिप आणि काही हजारांचा संगणक यांना एकाच वहीत बसविल्याचा हा परिणाम होय. खडू, रसायने व स्पिरिट यांप्रमाणे चिपा, डायोड, रोध, तारा आणि सेल या खर्ची पडणाऱ्या वस्तू मानून त्यांची नोंद वेगळी ठेवली, तर मुख्याध्यापकावरचा ताण कमी होतो. मल्टिमीटर, कावीये आणि फलक तेवढे जडसंग्रहात राहावेत. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय मांडून ठराव घेण्यास कोणतीही अडचण नसावी. साहित्य मागविताना प्रत्येक फलकामागे किमान दोन चालक चिपा जादा मागवाव्यात. पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर त्या सहज मिळतात, मात्र एका चिपेसाठी सोलापूरहून तेथे कोणी जात नाही.

शिकविणारा माणूस कोठून आणावा, असेही विचारले जाते. शहरात शासकीय तंत्रनिकेतन, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि १९८३ पासूनची वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. शेवटच्या वर्षातील विद्यार्थी महिन्यातून एक शनिवार एखाद्या शाळेत आले तरी आरंभाला पुरेसे आहे. त्यांचीही उजळणी होते.

घरच्या २३० व्होल्टच्या विजेशी मात्र या साऱ्याचा संबंध येऊ देऊ नये. वर सांगितलेल्या चालक चिपा बॅटरीवरच्या मोटारींसाठी आहेत. पाण्याचा पंप किंवा पंखा त्यांना जोडता येत नाही, आणि तसे काम परवानाधारक वायरमनच्या देखरेखीवाचून करू नये. सर्व प्रयोग १२ व्होल्टच्या आत ठेवावेत, जोडणी बदलताना बॅटरी काढून ठेवावी आणि चिप बोटाला चटका देऊ लागली तर प्रथम पुरवठा तोडून मग कारण शोधावे.

जळालेली चिप फेकून न देता एका डबीत ठेवावी आणि ती कोणत्या चुकीने जळाली हे मुलाने स्वतःच्या हाताने वहीत लिहावे : पुरवठा उलटा जोडला, जमिनीची तार राहिली, चाक अडकले असता मोटार चालू ठेवली. पुढच्या वर्षीच्या वर्गाला पहिल्या तासाला ही वही वाचावयास द्यावी.