गंजावर धुण्याच्या सोड्याचा उतारा

जॉन डिअरने 1963 साली अमेरिकेत ‘110’ हा बागकामाचा छोटा ट्रॅक्टर आणला. असे जुने ट्रॅक्टर तिथले हौशी लोक आजही घरीच दुरुस्त करतात. खरी झुंज असते गंजाशी. घासून गंज निघतो, पण चांगलं लोखंडही झिजतं. त्यापेक्षा विद्युत-अपघटनाची रीत मला फार सुंदर वाटते. प्लॅस्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचं पाणी. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार भंगार लोखंडाला. गंज सुटतो, धातू शाबूत राहतो. ॲल्युमिनियमचे भाग मात्र यात बुडवू नका, सोडा त्यांना खातो. धन टोकाला स्टेनलेस स्टील तर नकोच. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. शिवाय हायड्रोजन निघतो. म्हणून हे काम उघड्यावरच करा आणि तारा काढण्याआधी चार्जर बंद करा.